खंड्या मरता कामा नये

योगिनीला वाटलं होतं, आपल्या शहराला आपली गरज आहे. शहराला गरज होती टँकरची.

स्कॉटलंडात गेम डिझाइन शिकत असताना ती रोज संध्याकाळी खिडकीत बसून हर्सूलच्या मुलींचा विचार करायची. (बाहेर पाऊस पडत असायचा. तिथं त्याच्याकडं कुणी मान वर करूनही बघत नाही.) त्या बिचाऱ्या मुलींना खेळायला कोण देणार, खेळातून डोकं चालवायला कोण शिकवणार? आपण परत जायचं. मुलींचा क्लब काढायचा. तिथं मुली समोरच्याचा डाव ओळखतील, चार पावलं पुढचं बघतील, आणि मग एक दिवस मराठवाड्याचं काहीतरी होईल. काय होईल ते अजून ठरलं नव्हतं.

गेली तेव्हा ती औरंगाबादहून गेली होती, परतली ती छत्रपती संभाजीनगरला. घर मात्र होतं तिथंच होतं. फक्त त्याच्या चारी अंगांना अपार्टमेंटं उभी राहिली होती आणि हर्सूलच्या तलावात पाण्याऐवजी भेगा होत्या. शेतात काही उगवत नव्हतं तेव्हा शहराच्या कडेला फ्लॅट तेवढे जोमानं उगवत होते. आणि त्या बिचाऱ्या मुली? त्या टँकरच्या रांगेत पालथ्या बादल्यांवर बसून मोबाईलवर ‘रानझुंज’ खेळत होत्या. चांगल्याच खेळत होत्या.

‘रानझुंज’ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, दोघांनी आपापले सहा प्राणी पाळायचे, वाढवायचे, आणि एकेक करून समोरासमोर सोडायचे. एक आडवा झाला की दुसरा ताज्या दमानं येतो; मधेच एखाद्याला मागं घेतलं, तर त्याच्या जागी येणाऱ्याला आल्या आल्या फटका खावा लागतो. ज्याचे सहाही आधी आडवे होतील तो हरला. (हे ऐकून योगिनीच्या आईनं, मंजुळाबाईंनी, “मंग खऱ्या शेळ्या काय वाईट होत्या?” असं विचारलं होतं. माहेर-सासर दोन्हीकडं पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं फिरलेली माणसं. मोबाईलमधला प्राणी ना दूध देतो ना लेंडी, मग तो पाळायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न तसा रास्त होता.)

कॉलनीतल्या सगळ्या मुलींचा भर एकाच प्राण्यावर होता: वणवा नावाचं आगीचं अस्वल. मिळतील ते सगळे गुण ताकदीत घालायचे आणि समोर येईल त्याला भाजून काढायचं. यात सगळ्यांत तरबेज होती शेजारच्या बिल्डिंगमधली सुलेखा. बी.एस्सी.ला होती, बोलायची कमी, भाजायची जास्त.

योगिनीला हे बघून वाईट वाटलं. नुसतं बळ? विचार नाही, योजना नाही? तिनं ठरवलं, आपण या मुलींसमोर एक अष्टपैलू प्राणी उभा करून दाखवायचा. मारणारा, मार सोसणारा, स्वतःला बरं करणारा, आणि वेळ आली की दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून देणारा.

तिनं निवडला एक निळ्या पंखांचा, लांब चोचीचा पक्षी. थोडे गुण वेगाला दिले, थोडे ताकदीला, आणि दम एवढाच ठेवला की वणव्याचा एक फटका खाऊन जेमतेम उभा राहील. डाव शिकवले चार. पाण्याचा मारा, समोरच्याला विष चढवणारा चिखल, बुडी मारून दम भरून घेणं, आणि एक फटका देऊन मागं फिरणं. मनासारखा पक्षी मिळेपर्यंत तिनं इतकी अंडी उबवली की अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्रिंबकरावांनी, “यातलं एखादं खायला मिळंल का?” असं विचारून घेतलं.

आणि मग तिनं त्याला नाव दिलं. लहानपणी हर्सूलच्या तलावावर तारेवर बसलेला असायचा, तोच हा पक्षी. तिनं आपलं साधं, सरळ नाव ठेवलं: खंड्या.

सगळं बिघडलं ते इथं.

कारण योगिनीच्या मामांचं नाव खंडेराव. पाचोडच्या बाजारात शेळ्यांचा व्यापार, मिशा भरघोस, राग त्याहून भरघोस. हर्सूलच्या रस्त्याला त्यांचा एक गाळा रिकामा होता. तो पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका माणसाला हवा होता (दुष्काळात टाक्यांना सोन्याचे दिवस), आणि योगिनीला क्लबसाठी हवा होता. मामा म्हणाले होते, “रविवारी येतो. तुमचा काय खेळ हाय ते बघतो. पटलं तर चावी तुझी, नाय तर टाकीवाल्याची.” योगिनीची चार वर्षांची स्वप्नं त्या एका चावीला लटकली होती.

आणि या खंडेरावांना अख्ख्या जगात एकच माणूस खंड्या म्हणत असे. त्यांची थोरली बहीण, मंजुळाबाई.

शुक्रवारी दुपारी मंजुळाबाई वांगी चिरत बसल्या होत्या. आतल्या खोलीत योगिनी फोनवर सुलेखाला, रविवारी तीच समोर खेळणार असली तरी शिकवणं म्हणून, आपली योजना समजावत होती.

“खंड्याला आधी पुढं करायचं. खाऊ दे थोडा मार.”

विळीवरचं वांगं थांबलं.

“नाही गं, एका फटक्यात नाही मरत तो. तेवढा दम आहे त्याच्यात. मी हिशेब केलाय.”

मंजुळाबाई उठून दाराशी आल्या.

“विष तर आहेच. पण शेवटी त्याचं काम झालं की त्याला मरू द्यायचं. दया कसली? तो आहेच त्यासाठी. तो मेला की जागा मोकळी होते आणि मग सगळं आपलंच.”

मंजुळाबाई ओसरीत आल्या. त्रिंबकराव पेपर वाचत होते.

“अहो, तुमच्या पोरीनं माह्या भावाला मारायचं ठरवलंय.”

“कवा?”

“रविवारी.”

“रविवारी कसं जमंल? टँकर येणार हाय.”

“विष घालून मारायचं म्हणायली. गाळ्यासाठी. चार वर्सं परदेशात ह्येच शिकली का ही?”

त्रिंबकरावांनी पेपर खाली ठेवला. “तिला विचारलंस का?”

“कामून विचारू? मलाबी विष घालंल.”

त्यांनी भावाला फोन लावला. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच खंडेरावांची मोटरसायकल दारात उभी राहिली.

योगिनीला वाटलं, मामा चावी घेऊन एक दिवस आधीच आले. ती लगबगीनं चहा घेऊन बाहेर आली. मामांनी कपाकडं बघितलं, भाचीकडं बघितलं, आणि कप त्रिंबकरावांपुढं सरकवला.

“दाजी, तुमी घ्या आधी.”

“मी आत्ताच घेतला.”

“मंग आनखी घ्या.”

त्रिंबकरावांनी घेतला. मामा त्यांच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. दाजींनी नुसता ढेकर दिला तेव्हा ते जरासे टेकले.

“योगे, सरळ सांग. तुला गाळा पायजे तर माग. मला कामून मारायली?”

“मी? तुम्हाला?”

“खंड्या मेला की जागा मोकळी, आसं म्हन्लीस का नाय?”

“म्हणाले, पण तो खंड्या…”

“अक्का, ऐक. व्हय म्हन्ली.”

मंजुळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. योगिनीनं धावत जाऊन मोबाईल आणला आणि मामांसमोर धरला. पडद्यावर निळा पक्षी एका पायावर उभा राहून चोच साफ करत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: खंड्या.

मामा वाकले. चष्मा वर-खाली करून बघितलं.

“ह्यो मी?”

इथं खरं सांगायला हवं होतं. तलावावरचा पक्षी आहे, त्याचं नावच खंड्या आहे, तुमचा काही संबंध नाही. पण चावी मामांच्या खिशात होती, आणि मामांच्या चेहऱ्यावर राग ओसरून काहीतरी भलतंच कोवळं उमटत होतं. योगिनीच्या तोंडून निघून गेलं:

“तुमच्यावरूनच ठेवलंय, मामा. माझ्याकडचा हाच एक अष्टपैलू आहे.”

“अष्टपैलू म्हंजी?”

“सगळं येतं त्याला. मारतो, सोसतो, पडला तरी उठतो.”

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग बहिणीकडं वळून म्हणाले, “अक्का, पोरीला मानसाची पारख हाय. उगं काहीबाही ऐकतीस तू.” आणि त्यांनी चहा मागितला.

रविवारी मामा नवा फेटा बांधून आले. सोबत बाजारातला जोडीदार कडुबा होता. “माह्या नावाचं जनावर उतरायलंय म्हन्ल्यावर एकटा कसा येऊ?” असं मामांचं म्हणणं. मामांनी गाळा उघडून दिल्यावर त्रिंबकरावांनी घरचा टीव्ही तिथं आणून लावला. कॉलनीतल्या मुली गर्दी करून खाली बसल्या होत्या. समोर सुलेखा, आणि तिच्या मोबाईलमध्ये वणवा.

योगिनीनं खंड्याला उतरवलं. योजना पक्की होती: त्यानं समोरच्याला विष चढवायचं, एक फटका खायचा, दुसऱ्या फटक्यात मरायचं, आणि पुढच्यानं ताज्या दमानं येऊन वणव्याचा निकाल लावायचा. स्कॉटलंडात असे कितीतरी खंड्या तिनं डोळ्याची पापणी न लवता मारले होते.

खंड्यानं विष चढवलं. वणव्यानं जाळ ओकला. खंड्याचा दम सरकन खाली आला आणि अगदी एका रेघेवर थांबला. हिशेब तंतोतंत बरोबर निघाला होता.

“आगागा,” कडुबा म्हणाला. “खंडेराव, बसा जरा. पानी पिता का?”

मामा छातीवर हात ठेवून उभे होते. तोंडातली सुपारी चघळायची थांबली होती. दुसऱ्या हाताच्या बोटात चावी.

“आता काय करनार तू त्याचं?” त्यांनी विचारलं.

“आता…” योगिनी म्हणाली. आता त्याला मरू द्यायचं होतं.

तिनं खंड्याला मागं घेतलं. त्याच्यासाठी असलेला फटका त्याच्या जागी आलेल्यानं खाल्ला आणि तो आडवा झाला. सुलेखाच्या भुवया वर गेल्या.

“ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, दया कसली?”

“खेळ तू.”

असं एकदा नाही, पुनःपुन्हा झालं. खंड्या पुढं यायचा, चोच मारायचा, दम खाली गेला की मामा खाकरायचे, आणि योगिनी दुसऱ्या कुणाला तरी पुढं ढकलायची. एकेक करून पाचही जणांनी मामांसाठी प्राण दिले.

“लई इमानदार लेकरं,” मामा डोळे पुसत म्हणाले.

शेवटी एकटा खंड्या उरला. समोर सुलेखाचे अजून तीन. मग त्यानं जे आरंभलं त्याला खेळ म्हणायचं की नाही, यावर कॉलनीत अजून दुमत आहे. तो विष चढवायचा आणि बुडी मारायचा. बुडी मारून दम भरायचा आणि परत बुडी मारायचा. सुलेखाचे प्राणी हल्ले करून करून थकले. विषानं एक पडला, दुसरा पडला. मुली जांभया देऊ लागल्या. त्रिंबकराव बसल्या जागी झोपले.

“ताई, हे काय लावलंय?”

“अष्टपैलूपणा,” योगिनी म्हणाली. तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. लांब, दोनदा.

“टँकर,” कुणीतरी म्हणालं.

क्षणात गाळा रिकामा झाला. सुलेखा मोबाईल हातात घेऊनच बादल्यांकडं धावली. मंजुळाबाईंनी नवऱ्याला उठवून त्याच्या हातात ड्रम दिला. गाळ्यात राहिले मामा, कडुबा, योगिनी आणि बुडी मारणारा खंड्या. सुलेखाची खेळी करायची वेळ संपली. टीव्हीवर अक्षरं उमटली: समोरच्यानं मैदान सोडलं. खंड्या विजयी.

मामांनी कडुबाला मिठी मारली. मग फेटा सारखा करून त्यांनी चावी योगिनीच्या हातावर ठेवली.

“इज्जत राखलीस पोरी. टाकीवाल्याला म्हनावं, दुसरीकडं बघ. पर माह्यी एकच अट.”

“सांगा ना मामा.”

“ह्यो मरता कामा नये. कवाच.”

त्या आनंदात योगिनीनं चंद्र मागितला असता तरी देते म्हटलं असतं. तिनं मान डोलावली.

संध्याकाळी पाचोडहून रत्नमाला मामींचा फोन आला. “ह्यांच्या नावाचा हाय आन माह्या नावाचा कामून नाय? ह्येनला जेवाय कोन घालतं?” योगिनीनं घाईघाईनं एका हरणीला रत्नमाला केलं. तेवढ्यात मंजुळाबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी सगळ्यांचा मार पाठीवर झेलणारं कासव पसंत केलं; त्याचं आणि आपलं एकच, असं त्यांचं मत पडलं. त्रिंबकरावांनी झोपून दम वाढवणारा प्राणी मागून घेतला. कडुबाला टकरीचा एडका हवा होता. आणि सगळ्यांची अट एकच. मामा मरनार नाय तर आमी कामून मरावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाळा झाडत असताना सुलेखा दारात आली. तिनं योगिनीच्या मोबाईलमधली नावं शांतपणे वाचली.

“ताई, यात कुणाला तरी मरू दिल्याशिवाय जिंकता येत नाही. हे तुम्हीच शिकवलंय. आता तुमच्याकडं मरायला आहे कोण?”

योगिनी झाडू टेकवून उभी राहिली. कडुबा धरून नातेवाईक झाले पाच. सहावा प्राणी तेवढा बिननावाचा उरला होता: एक लहानसा, पिवळा, मोठ्या तोंडाचा बेडूक. त्याला एकही हल्ला येत नाही. तो पुढं येतो, इतरांना जोर चढावा म्हणून लांबलचक ओरडतो, आणि पहिल्या फटक्यात जातो. पण त्याच्या जाण्यानं बाकीच्यांचं भलं होतं.

तिनं फार विचार केला नाही. मोबाईल घेतला आणि त्याच्या नावाच्या जागी टाइप केलं: योगिनी. यापुढं प्रत्येक सामन्यात आधी हीच मरेल. क्लबसाठी एवढा त्याग करायलाच हवा, असं तिनं सुलेखाला जरा भरून आलेल्या आवाजात सांगितलंही.

तेवढ्यात डबा घेऊन मंजुळाबाई आल्या. त्यांनी वाकून पडद्यावर बघितलं. बेडूक छाती फुगवून, तोंड पसरून, समोर कुणीही नसताना ओरडत होता.

“नाव कामून टाकलंस?” त्या म्हणाल्या. “आमी तसंबी वळखलं असतं.”