बबन सर दहा देत नाहीत

नारायणगावच्या स्टँडवर एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला बबन सर दहापैकी मार्क देत. म्हातारी असो, नवरदेव असो, नाहीतर कंडक्टर. "साडेसहा. पाय फाकले." "पाच. पिशवी आधी उतरली, माणूस मागनं." त्यांच्याच शाळेत गणित शिकवायला मी पहिल्या दिवशी उतरलो, तर ट्रॅकसूटमधला एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, "चार. पावणं, टाचा!" त्या चाराचा राग मला अजून आहे.

सर आमचे पीटीचे मास्तर. जिम्नॅस्टिक्सचं वेड. एका जागी थांबणं म्हणून ठाऊक नाही. स्टाफरूममध्ये चहासुद्धा टाचा उचलून, चवड्यांवर उभं राहून प्यायचे. कुणी जिन्यावरून घसरला तर आधी विचारणार, "हात कुठं ठेवले व्हते?" आणि मग, "लागलं का?" दहा मात्र कुणालाच नाहीत. "दहा दिले की माणूस बिघडतो, राव."

त्या वर्षी त्यांनी हट्ट धरला, दरवर्षी पुण्यात होणारी जिल्ह्याची स्पर्धा आपल्या शाळेत भरवायची. आम्हाला वाटलं, नाव करायचंय. कारण निराळं होतं. येडगावची सुरेखा, नववीतली. घोड्यावरून, म्हणजे त्या उंच चामडी ठोकळ्यावरून, कोलांटी घेऊन अशी उतरायची की आम्ही तोंडात बोट घालायचो. पण तिचे वडील महादूभाऊ ठाम. "पोरगी पुण्याला धाडणार न्हाई. औंदा ह्या उड्या बंद."

"एकदा बघा तरी!"

"पुण्याला याया मला येळ कुठाय?"

"मग पुणं हितं आणतो!" सर म्हणाले.

पुण्याचे पंच यायला तयार झाले. अट एकच, उतरायच्या जागी जाड गादी हवी. आमच्याकडे होती सतरंजी. सरांनी महाळुंगे पडवळच्या एका गुऱ्हाळावरून उसाची चिपाडं आणली, कुटून पोत्यांत भरली, वरून ताडपत्री शिवली. "लई झकास झालीय!" मी म्हटलं, "सर, चिपाडं नीट वाळलीत ना?" तर म्हणे, "तुमी गणित बघा."

बघितलं. स्पर्धेच्या सकाळी पहिली मुलगी गादीवर उतरली, ऐटीत हात वर केले आणि किंचाळली. मुंग्या! तांबड्या! चिपाडांतल्या गोडीला सगळा तालुका लोटला होता. पाहायला गेलेले पंच स्वतःच टुणटुण उड्या मारायला लागले. मुख्य पंच पोटऱ्या खाजवत कडाडले, "अर्ध्या तासात दुसरी गादी आणा, नाहीतर स्पर्धा पुण्याला!"

शाळेच्या भिंतीवर बसलेले महादूभाऊ म्हणाले, "मग मी जातो. पाण्याची पाळी हाय माझी."

"अर्धा तास, भाऊ! पाया पडतो!" म्हणून सर जे सुटले ते थेट कांतीशेठच्या दारात. कांतीशेठ लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्यानं देत. "शेठ, गाद्या!" "लग्न कुणाचं?" "सांगतो, आधी चला!" पंचविसाव्या मिनिटाला वऱ्हाडाच्या गाद्या हळदीच्या डागांसकट मैदानात हजर. चार मी वाहिल्या. माझी कंबर त्याची आठवण अजून काढते.

शेवटी सुरेखाचं नाव पुकारलं आणि मी सरांना शोधायला लागलो. ते मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. अगदी स्तब्ध. टाचा जमिनीला टेकलेल्या. उभ्या गावाचं उतरणं तपासणारा हा माणूस, आणि आज डोळे गच्च मिटलेले! मागे धावण्याचा आवाज आला, फळी वाजली, मग धप्प झालं.

"राव," सर पुटपुटले, "उभी ऱ्हायली का?"

"ऱ्हायली, सर. हललीसुद्धा नाही."

टाळ्यांच्या कडकडाटात महादूभाऊंनी भिंतीवरून खाली उडी टाकली. गुडघे आणि दोन्ही हात दणकन आपटले, टोपी लांब गेली. तसेच उठून, धापा टाकत सरांपुढे आले.

"सर, पुण्याला कवा न्यायची हिला?"

सरांनी वाकून त्यांच्या धोतराची धूळ झटकली.

"दहा," ते म्हणाले.