लाडाचं दुखणं

जनावराला तोंड नसतं, पण उकंडरावांना कान होते. असं ते स्वतःच सांगायचे. औंढ्याकडच्या ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी जखमा बांधल्या. कागदावर व्रणोपचारक, गावात मात्र डाक्टर! म्हैस फाटकातून आत यायच्या आधीच तिचं काय दुखतंय ते खुर्चीत बसून सांगायचे, आणि दहातल्या सात वेळा बराबर निघायचं. उरलेल्या तीन म्हशी तक्रार करायला येत नसत, म्हणून नाव टिकलं. रिटायर होऊन सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी आपल्या गावी येऊन बसले, तरी लोक शेळ्या घेऊन ओट्यावर यायचे. कुणी झाडपाल्याचं नाव काढलं की उकंडराव आधी पोटभर हसायचे आणि मग गोळी लिहून द्यायचे.

एकच जनावर त्यांना हिंग लावूनही विचारत नव्हतं, आणि ते नेमकं घरात होतं. ठकी. पांढरी, कानाशी काळा ठिपका असलेली मांजर, त्यांच्या लेकीची, वैष्णवीची. वैष्णवी दीड वर्षापूर्वी लग्न होऊन कळमनुरीला गेली, तशी ठकी तिच्या शिलाई मशीनवर जाऊन बसली ती बसलीच. उकंडराव धरणावरून तिच्यासाठी मासळीची मुंडकी आणायचे. ठकी ती चाटून पुसून खायची आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायची. लेक गेल्यापासून घर त्यांना मोठं मोठं वाटायला लागलं होतं. या मांजरीनं एकदा तरी आपल्या मांडीवर यावं, असं त्यांना फार वाटायचं, पण एवढ्या डाक्टरनं हे सांगावं कुणाला?

कार्तिकातली दुपार होती. गावात सोयाबीनच्या मळण्या उरकत आल्या होत्या. त्या धुळीनं महिनाभर खोकून खोकून उकंडराव दमले होते. लिंबाखाली बाज टाकून, अंगात बंडी घालून ते आडवे झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच छातीवर काहीतरी ऊबदार येऊन बसलं. ठकी! तिनं त्यांच्या छातीत डोकं खुपसलं, गाल घासला, घुर्र घुर्र करत उताणी झाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. उकंडरावांनी श्वास रोखला. लिंबाची सावली अंगावरून इकडून तिकडं हलत होती, लांब कुठंतरी कालव्याचं पाणी वाजत होतं. आपण धरणाच्या मधोमध एका नावेत पडलोय, वल्हवायला कुणी नाही आणि घाईही नाही, असं त्यांना वाटायला लागलं. नाव मांजरीच्या आवाजावर चालली होती. पलीकडच्या काठावर वैष्णवी उभी आहे आणि हसते आहे, एवढं त्यांना दिसलं आणि मग काहीच दिसलं नाही.

अशा चार दुपारी गेल्या. जेवण झालं की उकंडराव बाजेकडं निघायचे ते नव्या जावयासारखे. बायको, आशाबाई, हाक मारायची, शेळीवाले खोळंबायचे, यांचं लक्षच नाही. चौथ्या दिवशी तर लेकीला फोन करून सांगितलं, तुझी मांजर आता माझी झाली.

पाचव्या दिवशी मात्र त्यांच्यातला व्रणोपचारक जागा झाला. ठकीच्या तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतली बुबुळं फुगून काळीभोर झाली होती. बाजेवरून उतरली तर पाय तिरके पडत होते. हवेतच कुणाला तरी पंजा मारला आणि धपकन आडवी झाली. आशाबाईंनी ताटली वाजवली, तरी कान हलला नाही. इतक्या दिवसांनी जवळ आलेलं लेकरू, आणि हे काय झालं?

आधी ते म्हणाले जंत. मग म्हणाले उंदराचं औषध. संध्याकाळी ओट्यावर दोन माणसं बसली असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं की लाळ म्हणजे पिसाळल्याचंही लक्षण असतं. झालं! पक्कं करायला म्हणून त्यांनी तिच्यापुढं पाण्याची परात सरकवली. ठकी मागं सरली. मांजर पाण्याला भ्याली, अशी बातमी अख्ख्या आळीत पसरली. आता आजवर कोणती मांजर परातीत उडी मारून अंघोळ करत आली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण सांगणारे उकंडराव होते. दारं लागली. पोरांना आत ओढलं. सकाळी चार जाणते लोक आले आणि म्हणाले, डाक्टर, तुमीच सांगितलं, आता तुमीच तिला धरणापल्याड सोडून या.

उकंडरावांनी एका दिवसाची मुदत मागून घेतली. शेजारचे धम्मानंद मास्तर मोटारसायकल घेऊन आले. उकंडरावांनी बंडी काढून कपाटातला इस्तरीचा शर्ट चढवला, ठकीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि औंढ्याचा दवाखाना गाठला. तिथं नव्या डाक्टरीणबाई होत्या. फडकं सोडलं तर ठकी टुणटुणीत! बाईंच्या हातावर ओरखडा काढला, वाटीभर पाणी प्यायली, टेबलावरून उडी मारून वजनकाट्यावर जाऊन बसली. बाईंनी डोळे, दात, पोट, सगळं बघितलं. काही नाही म्हणाल्या. मग विचारलं, "हे होतं कधी?"

"दुपारी. माझ्यापाशी आली की."

"आणि तुमच्यापासून लांब असली की?"

लांब असली की ठकी ठणठणीत असायची, हे उकंडरावांना तिथं उभ्या उभ्या आठवलं.

घरी आले, शर्ट काढला, बंडी घातली, बाजेवर टेकले. ठकी धावत आली, छातीला भिडली, लाळ गाळत उताणी झाली. आता शंकाच उरली नाही. दोष मांजरीत नव्हता, आपल्यात होता! आपल्या अंगात काहीतरी शिरलंय, ते या मुक्या जिवाला लागून राहिलं. उकंडरावांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, आशाबाईंच्या पदरात टाकलं आणि स्वतः जाऊन कडब्याच्या खोलीत कडी लावून बसले.

ठकी दारापाशी येऊन ओरडायला लागली. फटीतून पंजा आत घालायची. आतल्या अंधुक पिवळ्या उजेडात कडब्याचा भुसा तरंगत होता आणि उकंडराव त्या पंजाकडं बघत होते. त्यांनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. दीड वर्ष जिच्यासाठी मुंडकी वाहिली, ती आता दाराशी रडते आहे आणि उघडता येत नाही. त्यांना लेकीच्या पाठवणीला रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

आशाबाईंनी ते हुंदके ऐकले आणि त्यांचा धीर सुटला. "अवं, दार उघडा. बंडी काढून द्या आधी."

"काहून?"

"द्या म्हणते ना."

दार उघडलं. आशाबाईंनी कात्रीनं बंडीच्या आतला खिसा उसवला. तांबड्या चिंधीत गुंडाळलेल्या चार वाळक्या मुळ्या बाहेर पडल्या. खोकली नावाच्या रानझाडाच्या. जवळा बाजारच्या बाजारात जनकाबाई म्हणून एक म्हातारी जडीबुटी विकते, तिनं दिल्या होत्या. छातीशी ठेवली की खोकला जातो, म्हणाली होती.

"तुमी झाडपाल्याला हसता, म्हणून गपचूप शिवलं. या मुळीपायी मांजर येडी होते म्हणून म्हातारी बोलली होती. मी म्हनलं, आपली ठकी तुमच्याकडं कुठं येते. मग आळीभर बोभाटा झाला, तवा सांगायला तोंडच उरलं न्हाई."

चिंधी जमिनीवर पडायचा अवकाश, ठकीनं तिच्यावर झेप घेतली. गाल घासला, उताणी झाली, बुबुळं फुगवून चिंधीकडं बघत राहिली. अगदी तशीच. उकंडराव उघड्या अंगानं शेजारी उभे होते. तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

आजार नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं, हे खरं. त्यांनी आळीत दारोदार जाऊन मांजर बरी असल्याचं सांगितलं आणि लोक आठवडाभर हसले. आशाबाईंनी मुळ्या चुलीत घातल्या. ठकी शिलाई मशीनवर परत गेली. दुपारी उकंडराव बाजेवर पडायचे, लिंबाची सावली तशीच हलायची, पाणी तसंच वाजायचं, पण नाव काही काठावरून सुटायची नाही. एकदोनदा त्यांनी छातीवर हलकेच थापही मारून बघितली. ठकीनं जांभई दिली.

बाजाराच्या दिवशी ते धम्मानंद मास्तरांना न सांगता एकटेच एसटीनं जवळा बाजारला गेले. जनकाबाई गोणपाटावर मुळ्या मांडून बसली होती. डाक्टरला आपल्यापुढं उकिडवं बसलेलं बघून तिला नवल वाटलं.

"काहून, खोकला गेला न्हाई का अजून?"

उकंडरावांनी इकडंतिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं. "खोकला गेला, बाई," ते हळूच म्हणाले. "त्याच्यासंगं मांजर बी गेली."