डक म्हणजे खाली वाक

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली एका बदकापायी माझं डोकं फुटलं.

बदक नव्हतंच तिथं. इकडं गुजरातेत, बमरोलीला आमच्या गल्लीत टेम्पोतून लोखंडी पाइप उतरवत होते. एक हमाल खांद्यावर पाइप घेऊन गर्रकन वळला. समोरच्या ओट्यावरून भटू आप्पा ओरडला, "नाना, डक!" डक म्हणजे बदक, हे त्यानंच मला आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी थांबलो आणि गटाराकडं बघितलं. बदक काही दिसलं नाही. पाइप मात्र कपाळावर बसला.

टाके घालायला नेताना रिक्षात आप्पा मला समजावत होता. "डक म्हणजे बदक. पण डक म्हणजे खाली वाक, असं पण होतं. एकच शब्द. जनावर पण तेच, काम पण तेच."

"मग सरळ वाक म्हणायचं ना, भो!"

"त्यात मजा काय?" आप्पा म्हणाला.

असा हा आमचा आप्पा. गाव अमळनेरकडचं, माझ्या गावाच्या शेजारचं. मी कापडाच्या लूमवर जन्म काढला, त्यानं भेस्तानच्या एका इंग्रजी शाळेच्या फाटकावर. मी चौथी शिकलो, पण जी शिकलो ती नीट शिकलो. आप्पा शाळेतच गेला नाही, नोकरीला गेला तेवढाच. पोरांच्या डब्यांवरची नावं वाचून वाचून त्याला एबीसीडी आली, आणि पोरं रोज "गुड मॉर्निंग अंकल" म्हणत, त्यावरून त्याचा समज झाला की इंग्रजी आपल्या ओळखीतली आहे.

म्हातारपणी त्यानं इंग्रजी पेपर लावला. आख्ख्या गल्लीत इंग्रजी पेपर त्याच्या एकट्याच्या दारात पडायचा. तो बातम्या बघत नसे. रविवारी त्यात पोरांचं पान यायचं, त्यावर कोडी असायची. असं कोणतं जनावर, की ज्याच्या नावात काम पण आहे? एवढंच तो बघायचा. अर्थ कळला नाही तर समोरच्या मेडिकलवाल्या गुजराती पोराला विचारायचा आणि मग आठवडाभर तो शब्द आमच्या डोक्यावर वाजवायचा.

बेअर म्हणजे अस्वल, आणि बेअर म्हणजे सहन कर. लाइट गेली की आप्पा ओट्यावरून सांगायचा, "अस्वल करा, अस्वल करा, येईल लाइट." स्वॅलो म्हणजे पाकोळी, आणि गिळ. माझी बायको बीपीची गोळी घ्यायला कंटाळा करायची तर हा खिडकीतून म्हणायचा, "वहिनी, पाकोळी करा तिची!" क्रेन म्हणजे बगळा, आणि मान लांब करून बघ. गल्लीतल्या बाया कुणाच्या घरात डोकावल्या की, "काय बगळा करताय?" दोघींनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पॅरटवरून तर आमची भांडणंच झाली. तो म्हणाला, पॅरट म्हणजे दुसऱ्याच्या मागून तेच तेच बोलणं. मी म्हणालो, आपल्याकडं पोपट करत नाहीत, पोपट होतो, आणि तुझा झाला आहे. चार दिवस अबोला.

मला वाटायचं, बायको गेल्यापासून याचं डोकं सरकलं. एकटा राहतो, वरणभात करतो, वेळ जात नाही. मुलगा प्रमोद हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. सून तिकडचीच, तेलुगू. सून चांगली, पण आप्पाचं बोलणं तिला कळेना आणि तिचं आप्पाला. प्रमोद फोनवर म्हणायचा, "आप्पा, कधी पण या." यावर आप्पाचं ठरलेलं उत्तर होतं, तेही फोन ठेवल्यावर मला. "कधी पण या, याला बोलावणं म्हणत नाहीत. बोलावण्यात वार असतो. वार सांगा, मग येतो." वार काही कुणी सांगितला नाही आणि हा काही गेला नाही. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. त्यांनी आप्पाला बघितलेलं नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं.

"नाना, जनावरं संपली."

"कुणाची?"

"इंग्रजांची. आते काय करू?"

पेपरवाल्यांनी पोरांचं पान बंद केलं होतं. मी म्हणालो, बरं झालं, गल्ली सुटली. तो हसला नाही. खाली बसला आणि पहिल्यांदा नीट सांगितलं. दर रविवारी सकाळी प्रमोद व्हिडिओवर फोन लावतो आणि नातीला समोर धरतो. तन्वी नाव, नऊ वर्षांची. आधी ती "हाय आबा, बाय आबा" म्हणायची आणि पळायची. मराठी तिला तुटकं, इंग्रजी याला नाही, बोलणार काय? एका रविवारी बोलायला काहीच सुचेना म्हणून यानं हातातल्या पेपरातलं कोडं तिला घातलं. तर पोरगी बसली! उत्तर दिलं, हसली, त्याचं वाक्य करून दाखवलं, आणि म्हणाली, आबा, नेक्स्ट संडे नवा ॲनिमल.

"तेव्हापासून एकेक पुरवून वापरतोय, नाना. उद्याला एक पण नाही. जनावर नाही तर पोरगी बसणार नाही."

माझ्या बायकोनं आतून चहा आणला तो तसाच निवला.

मी म्हणालो, "इंग्रजांची संपली तर संपू दे. आपल्याकडं काय जनावरांचा दुष्काळ आहे?"

"मराठीत असं नसतं."

हे ऐकून माझं टाळकं फिरलं. मी चौथी शिकलेला माणूस. "नसतं? घूस घे. बिळातली घूस. आणि आत घुस!"

आप्पानं मान वर केली.

"सांड घे. मोकाट सांड. आणि पाणी सांड!"

"वळू," आप्पा म्हणाला. "गावचा वळू. आणि... मी वळू का?"

"बघ! निघालं की नाही?" मग आम्ही दोघं सुटलो. म्हैस उलटी करून बघितली, रेडा बघितला, उंट तर काही कामाचाच नाही निघाला. आतून बायको म्हणाली, "घोरपड आहे ना. घोर, आणि पड. तुमचं रोजचंच आहे ते." एका जनावरात दोन कामं! इंग्रजांच्या बापाला जमलं नसतं.

रविवारी मी मुद्दाम आप्पाकडं जाऊन बसलो. पोरगी फोनमध्ये आली, केस विंचरलेले नव्हते. आप्पानं घोरपड सांगितली. अर्थ कळला तशी ती मोठमोठ्यानं घोरली आणि धपकन गादीवर पडली. मग उठून पुन्हा घोरली, पुन्हा पडली. फोनमागून सून हसल्याचं ऐकू आलं. घूस झाली, सांड झाला, वळू झाला; आमची एका संध्याकाळची सगळी कमाई पोरीनं एका बैठकीत उडवली.

"आणखी एक, आबा! वन मोअर!"

मी आप्पाकडं बघितलं. आमच्याकडं काही उरलं नव्हतं. आप्पा म्हणाला, "तरस."

हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं.

"तरस कोण?"

"रानात असतं. कुत्र्यासारखं, पण मागून बसकं. अंगावर पट्टे."

"आणि काम?"

आप्पा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. शेवटी मीच पुढं झालो. "पाण्याची तहान लागते ना, बेटा? तशी माणसाची लागली, की त्याला तरसणं म्हणतात."

पोरगी विचारात पडली. दर शब्दाचं वाक्य करायची तिची रीत. "आबा तरसतो," ती म्हणाली. मग फोनच्या अगदी जवळ आली. "तरसतो का तू, आबा?"

मी तोंड उघडलं तर आप्पा म्हणाला, "नाना, तू गप." आणि तिला म्हणाला, "हो."

"मग ये ना. फ्रायडेला ये. सॅटर्डेला मला सुट्टी आहे."

मागून प्रमोद काहीतरी बोलत होता, तिकिटाचं, गाडीचं. आप्पा ऐकतच नव्हता. फोन बंद झाल्यावर मला म्हणाला, "फ्रायडे म्हणजे?"

"शुक्रवार," मी म्हणालो. एवढं इंग्रजी मला येतं.

"वार सांगितला, नाना, तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, टोपी घालून त्याच्या दारात उभा राहिलो. तो तयार होता, पण पाय उचलेना. "पोरीचं बोलणं, नाना. तिथं सुनेला अडचण झाली तर?"

"तर परत ये. गाडी दोन्ही बाजूंनी चालते."

रिक्षा केली आणि उधना स्टेशनला गेलो. तिकिटाच्या खिडकीपुढं त्याला रांगेत उभं केलं, आणि मी त्याच्या अगदी पाठीला लागून उभा राहिलो, त्याला माघारी फिरायला जागाच राहू नये म्हणून.