हळदूचं अर्धं घरटं

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलचा टॉवर उभा राहिला. वाघ दुसरीकडे राहायला गेला, पण रेंज फुल आली. हरणं चरता चरता रील काढू लागली. अस्वलसुद्धा पोळ्याला हात घालण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघू लागलं.

तिथेच विहिरीवरच्या बाभळीत हळदू राहायचा. हा सुगरण पक्षी. यांच्यात घर नरानं विणायचं असतं, आणि रीत मोठी व्यवहाराची. घरटं निम्मं झालं की थांबायचं, मादीला बोलवायचं. ती आत बसून बघते, चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर पुढचं दार विणायचं, नाहीतर राम राम. म्हणजे आधी नमुना, मग माल. या रीतीत कुणी बुडाल्याचं ऐकिवात नव्हतं.

हळदूचा नमुना शेवंताला पसंत पडला.

"वीण घट्ट आहे हो," ती म्हणाली. "आता आभाळ भरायच्या आत दार तेवढं करा. अंडी काय उघड्यावर घालू?"

हळदू दारासाठी गवताचं पातं आणायला निघाला, तर वाटेत साळुंकी भेटली. साळुंकीचे फॉलोअर लाखभर होते. ती नेमकं काय करते, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

"हळदूभाऊ, एवढी कला, आणि बघायला एकट्या वहिनी?"

हळदूला ते लागलं. त्यानं विणकामाचा रील टाकला. बघणारे तिघं, त्यातला सरडा चुकून आलेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि विणता विणता रीलसाठी घेतलेलं दुसरं घरटं सुटून विहिरीत पडलं. तो रील मात्र झाडोझाडी फिरला. साळुंकीनं मर्म समजावलं: लोकांना पहिली गाठ आवडते आणि शेवटची पडझड. मधलं विणकाम गाळा.

हळदूनं गाळलं. रोज एक गाठ, चार वेढे, की धपकन विहिरीत. खारी टाळ्या पिटायच्या. माकडं कळवायची, दादा, उद्या जरा उंचावरून पाडा. शेवंता रोज दाराचं विचारायची, आणि फॉलोअर पुरेसे झाले की दार, असं तो सांगायचा. पुरेसे म्हणजे किती, ते साळुंकीनं सांगितलं नव्हतं.

आमच्या पेठेत एक भांडीवाला होता. पातेली किती टणक ते दाखवायला दगडावर आपटायचा. रस्ता अडेल एवढी गर्दी जमायची. दिवे लागले की गर्दी आपल्या घरी, आणि पोचे आलेली पातेली त्याच्या घरी. पण हळदूला पेठेतलं कोण सांगणार?

एके दिवशी आभाळ खाली आलं. शेवंता फांदीवर येऊन बसली. हळदूनं नुकतीच पहिली गाठ मारून मोबाइल चालू केला होता.

"पलीकडच्या शिंदीवर एक घरटं आहे," ती शांतपणे म्हणाली. "त्याची वीण तुमच्याइतकी देखणी नाही. त्याला बघायला कुणी जातही नाही. पण त्याला दार आहे."

"थोडं थांब ना. आता कुठे जम बसतोय."

"तुम्हाला बघणारे पुष्कळ आहेत. मला राहायचं होतं."

ती उडून गेली. मोबाइल चालूच होता.

तो रील टॉवरच्या टोकापर्यंत गेला. कोल्हे हळहळले, घुबडांनी एकमेकांना पाठवला. साळुंकी पंख झटकत धावत आली. म्हणाली, हळदूभाऊ, अभिनंदन. सगळं जंगल रडतंय. याचा पुढचा भाग कधी?

हळदू शेवंताला पसंत पडलेल्या त्या अर्ध्या घरट्यात बसला होता. दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी आत येत होतं. पलीकडे शिंदीवर शेवंता नव्या दारातून आत गेली, आणि आतून कुणीतरी सरकून तिला जागा दिल्यासारखं घरटं जरा हललं.

मग त्यानं भिजलेली पिसं नीट केली, मोबाइल सरळ धरला आणि साळुंकीला विचारलं, "रडताना उजेड डावीकडून बरा की उजवीकडून?"

तात्पर्य: बाळांनो, घर कधी पुरं बांधू नये. पुऱ्या घरात नुसतं राहता येतं. मोडलेलं घर सगळं जंगल बघतं.