एकशे एक विश्वं

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता गोपालसरांना पापड हवे होते, आणि तेही विश्वाच्या उत्पत्तीसाठी. त्यांची बायको अनुपमा अंगणात पाहुण्यांच्या सतरंज्या झटकत होती. परवा, रविवारी, सरांच्या धाकट्या बहिणीचं, राखीचं लग्न होतं. लग्नघरात कोण कशासाठी काय मागतंय हे ऐकून घ्यायला कुणाला फुरसत नसते. अनुपमानं मान न वळवता सांगितलं, "फळीवरच्या लहान डब्यातले न्या."

सरांनी लहान डबा उघडला. आत निम्मे तुकडे, काही उडदाचे, काही ज्वारीचे, काही कधीचे ते देवाला ठाऊक. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असला माल चालत नाही, प्रयोगाचे नमुने एकसारखे लागतात. शेजारी स्टीलचा मोठा डबा होता. त्यात तांदळाचे पापड, सगळे एका मापाचे, एका जाडीचे, कंपासनं काढावेत तसे गोल. मायच्या हाताला एवढं माप आहे हे पाहून सरांना अभिमान वाटला. त्यांनी मोठा डबा मोटारसायकलला बांधला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेली देऊळघाटची शाळा गाठली.

इथं सरांची बाजूही सांगितली पाहिजे. दर विज्ञान दिनाला ते महास्फोटाचा सिद्धांत शिकवायचे, आणि दर वर्षी त्यासाठी फुगा आणायचे. फुग्यावर शाईनं ठिपके काढायचे, हे ठिपके म्हणजे आकाशगंगा, असं सांगून फुंकायला लागायचे आणि फुगा फुटायचा. पोरं टाळ्या वाजवायची. त्यांच्या मते धडा तिथं संपलेला असायचा. गेल्या परीक्षेत निम्म्या वर्गानं लिहिलं होतं की सुरुवातीला एक फुगा होता, तो फुटला आणि त्याचे तुकडे म्हणजे आपण. सरांना ते पेपर तपासताना रडू यायचं बाकी राहिलं होतं. मग दोन दिवसांपूर्वी लग्नाच्या पंगतीचं ठरत असताना आचाऱ्यानं नमुना म्हणून एक पापड तेलात सोडला, तो दुपटीनं पसरला, आणि सरांना वाट सापडली.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तानुबाईंनी कढई चढवली. त्यांनी डब्यातला एक पापड उजेडात धरून पाहिला.

"सर, हे पापड लग्नातले वाटून राह्यले."

"विज्ञानाचे हायेत, तानुबाई. तुम्ही तेल तापवा."

दहावीच्या वर्गापासून सुरुवात झाली. प्रत्येक जोडीला एक पापड. त्यावर काडीनं केशरी रंगाचे ठिपके द्यायचे, मधलं अंतर पट्टीनं मोजायचं, पापड तळायचा आणि अंतर पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा कोणी तरी कानात बोटं घातली, कारण महास्फोट म्हटल्यावर आवाज येणार अशी समजूत होती. आवाज आला नाही. पापड नुसता पसरला आणि एका सेंटीमीटरवरचे ठिपके दोन सेंटीमीटरवर गेले. सर म्हणाले, पाहा, ठिपके चालले नाहीत, त्यांच्या खालचा पापडच पसरला. विश्वाचंही तसंच झालं. रिकाम्या जागेत काही फुटलं नाही, जागाच पसरत गेली, आणि म्हणून कोणत्याही ठिपक्यावर बसून पाहिलं तरी बाकीचे लांब जातानाच दिसतात. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, मंग मधात कोणीच नाही का सर? नोकरीच्या अठरा वर्षांत सरांना इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आनंदात माणसाला डब्याचा तळ दिसत नाही. मुख्याध्यापक भगवंतराव फोटो काढायला आले आणि त्यांनी स्वतः एक पापड मोजून पाहिला. मग त्यांना वाटलं, एकट्या दहावीनंच विश्व का पाहावं. नववी आली, आठवी आली, सातवी, सहावी करत पाचवी आली. मोजून झालेल्या विश्वाचं पुढं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तो प्रश्न पोरांनी आपापसात सोडवला. शेवटचा पापड भगवंतरावांनी चहाबरोबर घेतला.

संध्याकाळी सर शीळ घालत घरी आले. त्यांची आई, मंजुळाबाई, खोलीत नवी चादर अंथरून रुखवत मांडून पाहत होत्या. नवरीकडून मांडवात जे मांडतात ते सगळं होतं: विणलेली तोरणं, कुरडया, शेवया, लाडू, रंगीत सुपारीची बाहुली. मधली जागा रिकामी होती.

"गोपाल, मोठा डबा कुठी हाये?"

"हा घे ना माय. शाळेत नेला होता."

मंजुळाबाईंनी डबा हातात घेतला आणि तो किती हलका आहे हे त्यांना झाकण काढायच्या आधीच कळलं.

"यातले पापड?"

"पोराईनं विश्वाची उत्पत्ती पाह्यली, माय."

"अन् मंग?"

"मंग खाल्ली."

ते एकशे एक पापड रुखवताचे होते. मुहूर्त पाहून, पाच सवाष्णींचा हात लावून मंजुळाबाईंनी ते महिनाभर लाटले होते, ताटलीच्या काठानं कापून माप धरलं होतं. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्या घरात रुखवताच्या गोष्टी पुरुषांच्या कानावर घालायची पद्धतच नव्हती. त्यांच्याकडे मंडप आणि वाजंत्री एवढंच खातं होतं.

मंजुळाबाई ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला. अनुपमानं मग सरांना बाजूला घेऊन सांगितलं ते त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मंजुळाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांची आई वारून सहा महिने झाले होते. मांडवात रुखवत म्हणून नुसती चादर अंथरली होती, वर काही नव्हतं. सासरच्या बायका येऊन ती चादर पाहून गेल्या. तेव्हापासून त्या म्हणायच्या, माझ्या लेकीच्या चादरीवर तीळभर जागा रिकामी दिसणार नाही. आणि राखीची होणारी सासू, डोणगावच्या सत्यभामाबाई, रुखवत पाहण्यात पंचक्रोशीत नावाजलेल्या. म्हणे त्या कुरडईचा पीळसुद्धा उलगडून बघत.

सरांनी बुलढाण्याची दोन दुकानं पालथी घातली. यंत्रावरचे पापड मिळाले, तेही छापील पाकिटात. मंजुळाबाईंनी पाकिटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. घरी लाटावेत तर लाटणार कधी आणि वाळणार कधी. सर तानुबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले आणि एखाद्या पोरानं काच फोडल्यावर सांगावं तसं सगळं सांगून मोकळे झाले.

तानुबाई म्हणाल्या, "म्या म्हटलं होतं तुमाले. जा आता घरी."

शनिवारी सकाळी चहा व्हायच्या आत पहिली बाई आली. तिची दोन पोरं शाळेत, दोघांनी मिळून चार विश्वं खाल्ली होती, म्हणून ती आठ पापड घेऊन आली. तिच्यामागं दुसरी आली. मग अंगणात रांगच लागली. पदराखाली, पेपरात, डब्यात, परातीत झाकून पापड यायला लागले. मनकर्णाबाईंचं कोणी शाळेत नव्हतं, तरी त्या काठी टेकत सात पापड घेऊन आल्या. गेल्या वर्षी सून होऊन आलेल्या पुष्पांजलीनं स्वतःच्या रुखवतातले अकरा आणले, सासूनं ते अजून हौसेनं जपून ठेवले होते. बायको गेल्यापासून एकटा राहणारा कडूबा नातीचा वाटा म्हणून चार पापड घेऊन आला. ते त्यानं स्वतः लाटले होते आणि त्यांतला एकही गोल नव्हता.

विश्वाबद्दल एक जुना सिद्धांत असाही होता की ते पसरत जातं तसं मधल्या रिकाम्या जागेत नवं द्रव्य आपोआप तयार होत राहतं, त्यामुळं पोकळी कधी वाढतच नाही. आकाशातला पुरावा उलट निघाला आणि शास्त्रज्ञांनी तो सोडून दिला. सर तो वर्गात दोन वाक्यांत उरकत असत. त्या दिवशी ओट्यावर बसून ते आतल्या भरत चाललेल्या चादरीकडे बघत राहिले आणि आपण त्या सिद्धांतावर जरा अन्याय केला असं त्यांना वाटलं. प्रत्येक बाईला ते उठून हात जोडत होते. गावाचं आपण काय देणं लागतो हे माणसाला एरवी समजत नाही. सरांचे डोळे दोनदा पुसून झाले.

अडचण एकच होती. दोनशेच्या वर पापड जमले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. तांदळाचे, ज्वारीचे, उडदाचे, बशीएवढे, परातीएवढे, जिरं टाकलेले, पिवळे पडलेले. चवड रचली की कलायची. सर म्हणाले, वाटीनं कापून सारखे करू का. मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते मंडपवाल्याकडे निघून गेले. आई अजून त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

रविवारी वरात आली आणि पाणी-सरबत झाल्याबरोबर सत्यभामाबाई रुखवताकडे निघाल्या. तोरणं पाहिली, शेवया पाहिल्या, कुरडई हातात घेऊन परत ठेवली. पापडांच्या चवडीपाशी त्या थांबल्या. मंजुळाबाई पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

"ईनबाई, हे असे काऊन हो? एकाचं एकाले जमत नाही."

तेव्हा गोपालसर पुढं झाले. चूक कबूल करताना शिक्षकाला सुरुवातीपासून सांगायची सवय असते, म्हणून त्यांनी पावणेचौदा अब्ज वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. सगळं विश्व एका बारक्या, तापलेल्या अवस्थेत होतं, ते पसरलं, निवत गेलं, त्यातून तारे झाले, पृथ्वी झाली, आणि हे सगळं पोरांना दाखवण्याच्या नादात मी बहिणीचं रुखवत तळून टाकलं. हे जे तुम्ही पाहता ते गावानं भरून दिलं, मावशी. माझ्या मायची यात काही चूक नाही.

मांडवातल्या बायका गोळा झाल्या होत्या. सत्यभामाबाईंनी एक पापड उचलून उलटसुलट पाहिला.

"म्हंजे पयले इतकंसंच होतं, अन् मंग पसरलं."

"हाव, मावशी."

"पटलं मले. पन पसराच्या आंधी तो लाटला कोनं?"

खोटं सांगायची सरांची जात नव्हती. "ते विज्ञानाले अजून समजलं नाही," ते हळूच म्हणाले.

"मले माहीत हाये," मंजुळाबाई म्हणाल्या.

त्या पुढं आल्या आणि विहिणीच्या हातातल्या पापडावर बोट ठेवलं. "हा मनकर्णाबाईनं लाटला. तिले एका डोळ्यानं दिसत नाही, तरी पाहा किती पातळ केला. हा पुष्पांजलीच्या मायनं, तिच्या लग्नासाठी. हा तानुबाईचा. हा वाकडा हाये ना, हा कडूबाचा, बायको गेल्यावर शिकला तो. मी कोनाच्याच दारी गेली नाही, ईनबाई. सारे आपल्या पायानं आले. माह्या लग्नात चादर रिकामी होती." एवढं बोलून त्यांनी डोळे टिपले आणि पुढचा पापड उचलला.

सत्यभामाबाई खाली सतरंजीवर बसल्या. एकेक पापड हातात घ्यायच्या, नाव ऐकायच्या, ती बाई मांडवात असली तर तिला नमस्कार करायच्या आणि पापड आपल्या मांडीवर ठेवून घ्यायच्या. भटजींनी वरमायला दोनदा हाक मारली.

"थांबा हो महाराज," त्या म्हणाल्या, "अर्धं गाव राह्यलं अजून."

एका हाताला ती चवड आवरेना तेव्हा मंजुळाबाईंनी मागं पाहिलं. सर तिथंच उभे होते. आईनं उरलेले पापड उचलले आणि लेकाच्या दोन्ही हातांत दिले.

"धर," त्या म्हणाल्या. "अन् तळू नको."