घरगाडीच्या दाराची चौथी सुधारणा

नीट उघडणारं आणि नीट बंद होणारं दार ही मुळात अपूर्ण वस्तू असते. तिच्यात सुधारणेला वाव असतो. सामान्य माणसाला हे कळत नाही, म्हणून तो जन्मभर दारं आहेत तशी उघडतो आणि समाधानाने मरतो.

सुधारक त्यातले नव्हते. (हे त्यांचं खरं नाव नाही. कचेरीत ते कार्यपद्धती सुधारणा कक्षाचे प्रमुख होते, आणि पूर्वी एका सहीत होणारं काम त्यांनी पाच सह्यांपर्यंत नेलं होतं. निरोप समारंभात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण कुणी नोंदवलेलं नाही.) निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन. बाहेरच्या अंगाला सामानाचे कप्पे. त्यातला मोठा कप्पा मुख्य दाराच्या लगेच मागे होता. त्याचं दार वरच्या बाजूला उघडायचं आणि एका हाताने धरून ठेवावं लागायचं. नाही धरलं तर डोक्यात बसायचं.

बायकोच्या डोक्यात ते दोनदा बसलं.

"हे बघा," टाळूवर बर्फ धरून ती म्हणाली, "समुद्रावर जायचं म्हणून मी तुमच्या निवृत्तीपर्यंत कळ काढली. पण हे मेलं दार आणखी एकदा डोक्यात बसलं, तर मी आपली ताईबरोबर बसने जाईन. तुम्ही या मागून, दाराला घेऊन."

"अगं, चार स्क्रूंचं तर काम," सुधारक म्हणाले. "चहा ठेव. उकळी येईपर्यंत झालंच म्हणून समज."

तो चहा तीनदा गरम केला गेला आणि शेवटी थंडगार होऊन कुंडीत ओतला गेला.

पहिली सुधारणा गॅसच्या दांड्यांची. मोटारीच्या डिकीला असतात ना, तसे. वेल्डर म्हणाला, "साहेब, लहान संपलेत, ट्रकचे आहेत." सुधारक म्हणाले, मोठे केव्हाही चांगले. कडी सोडली मात्र, दार वर गेलं आणि सुधारकांचा चष्माही बरोबर गेला. (चष्मा टपावर सुखरूप मिळाला.) दार काही खाली येईना. बायकोचा भाऊ, म्हणजे सुधारकांचा मेव्हणा, अंगाने चांगला भरलेला. तो दाराला लोंबकळला तेव्हा ते बंद झालं. तो उतरला तसं कडी तोडून पुन्हा उघडलं. निष्कर्ष असा निघाला की सदर दार डोक्यात बसत नाही, सबब चाचणी यशस्वी. फक्त प्रवासात मेव्हण्याला बाहेरून लटकवून न्यावं लागणार होतं, आणि त्याला हल्ली पाठीचा त्रास होता.

दुसऱ्या सुधारणेत बिजागऱ्या खाली आल्या. दार आता खाली उघडायचं आणि दोन साखळ्यांवर आडवं राहायचं, म्हणजे कप्प्याचा कप्पा आणि फुकटात टेबल. बायको पहिल्यांदाच हसली, तिने वर बश्यासुद्धा मांडल्या. एवढंच, की सामान काढायचं तर टेबल आवरावं लागे, आणि टेबल आवरलं की कप्पा बंद होई. या मुद्द्यावर सुधारक विचार करत होते, तेवढ्यात मेव्हण्याने विचारलं, "दाजी, मजबूत आहे ना हो?" आणि तो बसला. उत्तर साखळ्यांनी दिलं.

तिसऱ्या वेळी बिजागऱ्या उभ्या बाजूला गेल्या, मुख्य दाराजवळच्या. दार आता पुस्तकाच्या पानासारखं उघडू लागलं. सुधारक कप्प्यात डोकं घालून आपलं काम न्याहाळत होते. आतून बायको चहा घेऊन निघाली आणि तिने मुख्य दार ढकललं. मुख्य दार कप्प्याच्या दारावर गेलं, कप्प्याचं दार सुधारकांवर.

"काय वाजलं हो?"

"दार."

"कुणाच्या डोक्यात?"

"माझ्या."

"मग चालेल," बायको म्हणाली. "मी बॅगा भरते."

इथे काम संपलं होतं. अट बायकोच्या डोक्यापुरती होती, आणि ते शाबूत होतं. पण चाललेलं काम चालू द्यायचं, हे सुधारकांच्या रक्तातच नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी वेल्डरला बोलावलं आणि बिजागऱ्या उलट बाजूला, गाडीच्या मागच्या अंगाला घेतल्या. आता दोन दारांची गाठ पडणं अशक्य. मेव्हण्याने दार उघडून मिटून पाहिलं. "दाजी, मानलं बुवा!" वेल्डरने फोटो काढला. सर्व चाचण्या गाडी उभी असताना उत्तम पार पडल्या. (धावत्या गाडीला समोरून वारा लागतो आणि तो पुढून उघडणाऱ्या दारात शिरतो, हा विषय कुणी काढलाच नाही.)

कप्प्यात पट्ट्यापट्ट्यांच्या घडीच्या खुर्च्या, मोठी छत्री आणि बायकोची नवी टोपी गेली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि मागून हॉर्न वाजायला लागले. कुणी दिवे दाखवले. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन हातवारे करत ओरडून गेला.

"काय म्हणत होता हो तो?"

"कुठून करून घेतलं म्हणून विचारत असेल," सुधारक म्हणाले, आणि त्यांनी हात हलवला. बायकोनेही हलवला. इतक्या वर्षांत नवऱ्याचं कौतुक ती प्रथमच पाहत होती.

हॉर्न देणाऱ्या सुजाण नागरिकांपैकी एकानेही पुढे येऊन गाडी थांबवली नाही. स्वतः मात्र बरेच जण थांबले, वाकले आणि डिकी भरून निघून गेले. तुमच्या गॅलरीतली ती पट्ट्यापट्ट्यांची खुर्ची झकास दिसते. जरा डुगडुगत असेल, पण तिला हात लावू नका. सुधारणा अशीच सुरू होते.

दोघं समुद्रावर पोचले. बायको खुर्ची काढायला गेली. कप्प्याला दार नव्हतं. सामान कुठे गेलं हे बघायला तिने आत डोकं घातलं, काहीच दिसेना म्हणून ती झटकन सरळ झाली, आणि चौकट तिच्या डोक्यात बसली.