निळी वायर, पिवळी वायर

नागावच्या बागायतदार संघात नवा सर्व्हर आला, तेव्हा अध्यक्ष भाऊंनी त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं. "याच्या पोटात सहा कॉम्प्युटर म्हणता, मग ते दिसत का नाहीत?"

"ते व्हर्च्युअल आहेत, काका. आतल्या आत चालतात," मुंबईहून बसवायला आलेली मृणाल म्हणाली. "खऱ्या लागतात त्या या दोन वायरी. एक तुटली तरी दुसरीवर सगळं चालू राहतं."

उपाध्यक्ष देवव्रत, घरातले देवा, हे भाऊंचे चुलतभाऊ. बागेच्या कुंपणावरून दोघांचं बिनसलं ते कायमचंच. एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं, या तत्त्वावर संघ चालला होता. निळी वायर भाऊंच्या खोलीतल्या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या जोडपेटीला गेली, पिवळी देवव्रतांच्या. मृणालला तेच हवं होतं. दोन्ही एकाच जागी नेल्या तर दोन नेण्यात अर्थ काय? भाऊंना मात्र एवढंच कळलं की देवालाही वायर मिळाली.

"मुख्य कोणती यातली?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन्ही सारख्याच, काका."

"असं कुठे असतं?"

मृणालने वाद घातला नाही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या आण, मग तुला नोकरीत कायम करू, असं तिच्या साहेबांनी बजावलं होतं. ती गोड हसली आणि मांडव्याहून मुंबईला सुटणाऱ्या बोटीआधी दोन घास खायला बाहेर पडली.

भाऊंनी लगेच सर्व्हरचं कपाट उघडून पिवळी वायर सैल केली. पूर्ण काढली नाही, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. काउंटरवर संघाची कारकून सत्यवती कॉम्प्युटरवर सुपारीच्या पोत्यांची नोंद करतच होती. देवाची वायर नुसती शोभेची निघाली, या आनंदात भाऊंनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत देवव्रत कपाटापाशी पोचले होते. त्यांनी निळी सैल केली.

"बंद पडलं हो सगळं," सत्यवती म्हणाली.

देवव्रतांनी वायरकडे हात नेला आणि मागे घेतला. निळी परत बसवली तर भाऊची वायर मुख्य ठरणार. त्यांनी कपाट लावून घेतलं आणि खोलीत जाऊन पेपर वाचू लागले.

मृणालने येऊन दोन्ही वायरी घट्ट केल्या. सगळं सुरू झालं. "या कोणी काढल्या?"

"मी पिवळीच काढली. तपासायला," भाऊ म्हणाले.

"मी निळी," देवव्रत म्हणाले.

"अहो, एक काढली तर चालतं. दोन्ही काढल्यावर कसं चालेल?" मृणालने सह्यांचा कागद पुढे केला. तिला मनापासून राग आला होता आणि तो गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

चूक कबूल करायची तर एकमेकांसमोर करावी लागणार होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"देवा, यंत्रातच खोट आहे."

"मला पहिल्यापासून तेच वाटत होतं, भाऊ."

मृणालचा कागद बाजूला सारून त्यांनी सत्यवतीकडून मृणालच्या कंपनीला तक्रार लिहून घेतली: दोन्ही वायरी काढल्यावर यंत्र बंद पडते. खाली दोघांच्या सह्या झाल्या. त्याला थोडा वेळ लागला, कारण वरच्या जागी सही करण्याचा मान दोघंही दुसऱ्याला देत होते.